लिंक्सच्या जाती आणि शिवारातील रानमांजर

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड हे गाव आहे. गावालगतच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा असून तेथे दूरदूरचे भाविक येतात. ह्या टेकडीवर वाटोळे दगड विपुल सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांचा नारळ वगैरे माल बाबांच्या शब्दाने दगड झाला, तेच हे दगड, अशी कथा जुन्या गॅझेटियरातही नोंदलेली आहे. कथा श्रद्धेची आहे आणि तिचा मान श्रद्धेच्या ठिकाणी आहे. भूगर्भशास्त्र मात्र ह्या दगडांची गणना झिओलाइट गटातील खनिजांत करते. लाव्हारस थंड होऊन बनलेल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत अशी खनिजे तयार होतात. आकार नारळाचा, द्रव्य खनिजाचे! रूप सारखे दिसले म्हणून जात एक ठरत नाही, हा विज्ञानाचा प्राथमिक धडा गिरडच्या मुलांना अशा रीतीने टेकडीवरच मिळू शकतो.

हाच धडा शिवारातील एका प्राण्याच्या बाबतीत अधिक मोलाचा ठरतो. तुरीची सोंगणी किंवा गव्हाची कापणी चालू असता धुऱ्यालगतच्या गवतात मांजराएवढी, अंगावर पट्टे किंवा ठिपके असलेली पिले कधी कधी आढळतात. क्षणार्धात “बिबट्याची पिले सापडली” अशी आवई उठते, माणसे जमतात, कोणी पिले उचलून गावात आणतो. पुष्कळदा ती पिले रानमांजराची असतात. दुसरीकडे, एखादा चौकस विद्यार्थी सचित्र पुस्तकातील लिंक्सचे चित्र पाहून येतो आणि कानाच्या टोकावर काळे केस असलेले रानमांजर पाहिले की, “गुरुजी, आपल्या वावरात लिंक्स आहे,” असे सांगू लागतो. दोन्ही नावे चुकीची आहेत. पहिल्या चुकीची किंमत पिलांना प्राणाने मोजावी लागते. दुसऱ्या चुकीतून मात्र एक उत्तम पाठ उभा राहू शकतो. त्यासाठी लिंक्स कशाला म्हणावे, त्याच्या जाती किती आणि गावचे रानमांजर त्यांहून वेगळे कसे, हे शिक्षकांना नीट ठाऊक असणे अगत्याचे आहे.

लिंक्सची सामान्य लक्षणे

मार्जार कुलात वाघ-सिंहांपासून घरच्या मांजरापर्यंत सर्व प्राणी येतात. ह्या कुलातील एका स्वतंत्र प्रजातीला लिंक्स हे नाव आहे. शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा संबंध प्रकाश, चमक ह्या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. अंधारात चकाकणारे डोळे हे त्याचे कारण असावे असे मानतात.

लिंक्सची शेपटी अगदी आखूड, जणू मध्येच तोडल्यासारखी असते आणि तिचे टोक काळे असते. कानांच्या टोकांवर काळ्या केसांचे झुपके असतात. गालांच्या दोन्ही बाजूंस लांब केस वाढून चेहऱ्याभोवती दाढीसारखी झालर तयार होते. पाय लांब असून मागचे पाय पुढच्यांपेक्षा अधिक लांब असतात. थंड प्रदेशातील लिंक्सचे पंजे रुंद व केसाळ असल्यामुळे भुसभुशीत बर्फावरून चालताना ते फारसे रुतत नाहीत. एक लक्षण तोंडातही दडलेले असते: घरच्या मांजराला ३० दात असतात, तर लिंक्सला २८. वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूचा एक लहान दात त्याला नसतो.

ही सर्व लक्षणे एकत्र आढळली म्हणजे तो लिंक्स होय. त्यांपैकी एखादेच लक्षण पाहून निर्णय करणे धोक्याचे असते, हे पुढे दिसून येईल.

लिंक्सच्या चार जाती

आज जगात लिंक्सच्या चार जाती मानल्या जातात. चारही जाती उत्तर गोलार्धातच राहतात.

पहिली जात युरेशियन लिंक्स. चौघांत ही आकाराने सर्वांत मोठी असून पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारणतः १८ ते ३० किलोग्रॅम भरते. लिनीअस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. युरोपातील अरण्यांपासून सायबेरिया व मध्य आशियापर्यंत तिचा विस्तार आहे. युरोपात ती लहान हरणांचीही शिकार करते. पश्चिम युरोपाच्या बऱ्याच भागांतून शिकारीमुळे व अरण्यतोडीमुळे ती नाहीशी झाली होती. स्वित्झर्लंडमध्ये १९७१ पासून ती पुन्हा आणून सोडण्यात आली. भारतात आढळणारी लिंक्सची एकमेव जात हीच. ती लडाखसारख्या हिमालयाच्या उंच, थंड व उघड्या प्रदेशात राहते आणि ससे, मार्मोट इत्यादी प्राण्यांवर उपजीविका करते. महाराष्ट्रात लिंक्स कोठेही आढळत नाही.

दुसरी जात आयबेरियन लिंक्स. स्पेन व पोर्तुगाल ह्या देशांत ती आढळते. वजन सुमारे १० ते १५ किलोग्रॅम. अंगावर ठळक काळे ठिपके. गालांवरील झालर लांब. तिचे जीवन जवळजवळ सर्वस्वी सशांवर अवलंबून आहे. विसाव्या शतकात सशांमध्ये दोन साथी पसरल्या आणि ससे झपाट्याने घटले. त्यांच्यामागोमाग लिंक्सही घटला. झुडुपांची राने तुटणे, सापळे व रस्त्यावरील अपघात ह्यांचीही त्यात भर पडली. २००१ साली प्रौढ लिंक्सची संख्या अवघी ६२ उरली होती. त्यानंतर सशांची वाढ, झुडुपी रानांचे रक्षण, बंदिस्त जागेत पैदास व मोकळ्या रानात पुनर्वसन असे अनेक उपाय नेटाने करण्यात आले. २०२२ साली प्रौढांची संख्या ६४८ झाली आणि २०२४ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने ह्या जातीला ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून एक पायरी कमी धोक्याच्या वर्गात घातले. भक्ष्य राखले तर भक्षक राहतो, हे ह्या जातीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

तिसरी जात कॅनडा लिंक्स. कॅनडा, अलास्का व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा काही उत्तर भाग हा तिचा प्रदेश. वजन बहुधा ८ ते ११ किलोग्रॅम असले तरी लांब पाय व दाट केस ह्यांमुळे ती मोठी दिसते. तिचे पंजे विशेष रुंद असतात. हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या एका जातीच्या सशावर ती अवलंबून असते. हे ससे सुमारे ८ ते ११ वर्षांच्या अंतराने फार वाढतात व मग एकाएकी कमी होतात. लिंक्सची संख्याही त्यांच्यापाठोपाठ वरखाली होते. हडसन्स बे कंपनी ही कातड्यांचा व्यापार करणारी जुनी संस्था. तिच्या वह्यांतील कातड्यांच्या नोंदी तपासून एल्टन व निकल्सन ह्या संशोधकांनी १९४२ साली हे चक्र दाखवून दिले. व्यापाऱ्याच्या जमाखर्चातून निसर्गाचा नियम हाती लागावा, हे उदाहरण मुलांना सांगण्याजोगे आहे.

चौथी जात बॉबकॅट. दक्षिण कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत ती पसरली आहे. चौघांत ही बहुधा सर्वांत लहान. कानांवरील झुपके आखूड असतात, पंजे कॅनडा लिंक्सइतके केसाळ नसतात आणि शेपटीचे टोक वरून काळे व खालून पांढरे असते. कॅनडा लिंक्सच्या शेपटीचे टोक सर्व बाजूंनी काळे असते. ह्या एका खुणेवरून दोन्ही जाती ओळखता येतात. अरण्य, वाळवंटी प्रदेश, दलदल, शेतीचा परिसर अशा नाना ठिकाणी बॉबकॅट राहू शकतो.

लिंक्स म्हणविला गेलेला स्याहगोश

कानांच्या झुपक्यांनी जाणत्यांनाही फसविले आहे. भारतात स्याहगोश नावाचा एक प्राणी आहे. फारसीत ह्या शब्दाचा अर्थ काळ्या कानांचा. इंग्रजीत त्याला कॅराकल म्हणतात; तो शब्द तुर्कीतून आला असून त्याचाही अर्थ तोच. अंगाचा रंग एकसारखा तांबूस, कान मागून काळे आणि त्यांच्या टोकांवर केसांचे लांब, सुंदर झुपके. ह्या झुपक्यांमुळे त्याला दीर्घकाळ ‘वाळवंटी लिंक्स’ असे संबोधले जात असे. परंतु त्याच्या गालांवर झालर नसते आणि शेपटी लिंक्सहून बरीच लांब असते. मार्जार कुलाच्या आनुवंशिक घटकांचे जे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले, त्यात ह्या कुलाच्या ८ शाखा दाखविण्यात आल्या. त्यात लिंक्सची शाखा वेगळी व स्याहगोशाची वेगळी ठरली. स्याहगोशाचे खरे आप्त आफ्रिकेत आहेत.

हा प्राणी जागेवरून उंच उडी मारून उडता पक्षी पंजाने खाली पाडतो. ह्या कौशल्यामुळे दिल्लीचे सुलतान व पुढे मोगल बादशहा त्याला शिकारीसाठी पाळीत. फिरोजशहा तुघलकाच्या पदरी अशा प्राण्यांचा स्वतंत्र विभाग होता. एके काळी भारताच्या पुष्कळ भागांत आढळणारा स्याहगोश आता अत्यंत दुर्मिळ झाला असून मुख्यतः राजस्थान व कच्छ येथेच तो टिकून आहे. राजदरबारी मान मिळालेला प्राणीही त्याचे माळरान गेले की उरत नाही.

गिरडच्या शिवारातील रानमांजर

आता गावच्या प्राण्याकडे वळणे योग्य होईल. रानमांजराला काही भागांत बाऊल असेही म्हणतात. दाट अरण्यापेक्षा गवताळ माळ, नाल्याकाठची झुडुपे, लव्हाळे आणि उभ्या पिकांची शेते त्याला अधिक मानवतात. त्यामुळे विदर्भातील गावांच्या शिवारात त्याचा वावर असतो. कापूस, तूर, गहू, हरभरा ही पिके, मधले धुरे व पांदणी हेच त्याचे रान.

गुल्डेनश्टेट नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात कॉकेशस पर्वताजवळ टेरेक नदीच्या काठी हा प्राणी प्रथम अभ्यासिला आणि १७७६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, १७७७ साली, श्रेबर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला आजचे शास्त्रीय नाव दिले. पाणथळीच्या काठी आढळणारा, कानांवर काळे केस असलेला हा प्राणी पाहून जुन्या इंग्रजी पुस्तकांतून त्याला ‘दलदलीतील लिंक्स’ किंवा ‘जंगली लिंक्स’ अशी नावे पडली. गावातल्या विद्यार्थ्याची चूक म्हणजे मोठ्या ग्रंथांनीही केलेली चूक होय. तेव्हा त्याला हसू नये. त्याने कानावरचे केस पाहिले ह्याबद्दल प्रथम शाबासकी द्यावी आणि मग बाकीची लक्षणे पाहावयास लावावे.

रानमांजराची उंची खांद्यापाशी सुमारे ३६ सेंटीमीटर असते. अंगाचा रंग वाळूसारखा किंवा करडा-पिवळसर असून प्रौढपणी अंगावर ठळक ठिपके नसतात. पायांवर मात्र अस्पष्ट आडवे पट्टे असतात. कान मोठे, टोकदार, मागून तांबूस. टोकावरील काळे केस अवघे दीड सेंटीमीटरच्या आसपास. शेपटी घरच्या मांजराच्या मानाने आखूड, पण लिंक्सइतकी तोकडी नव्हे. शेवटच्या भागात काळी वलये व टोक काळे. गालांवर झालर नसते. लिंक्सच्या लक्षणांपैकी कानांवरील केस व लांब पाय तेवढे जुळतात. शेपटी, झालर व दात जुळत नाहीत. शास्त्राने त्याला घरच्या मांजराच्याच प्रजातीत घातले आहे. सारांश, शिवारातले रानमांजर हे लडाखच्या लिंक्सचे सगोत्र नसून चुलीपाशी निजणाऱ्या मनीचे सगोत्र आहे.

पिले कोणाची?

गिरड-खुर्सापारकडील जंगल आणि पलीकडचे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, तसेच वर्धा जिल्ह्यातील बोर व्याघ्रप्रकल्प ही वन्य प्राण्यांची ठाणी आहेत. त्यामुळे वाघ-बिबट्यांविषयी गावकऱ्यांना वाटणारी भीती अनाठायी म्हणता येत नाही. ह्याच कारणास्तव पिले ओळखण्याचे ज्ञान दुहेरी उपयोगाचे आहे. रानमांजराची पिले बिबट्याची समजली तर पिलांवर संकट येते. बिबट्याची पिले मांजराची समजली तर माणसांवर येते.

रानमांजराची पिले जन्मतः पट्टेदार किंवा ठिपकेदार असतात. वाढीबरोबर ह्या खुणा पुसट होत जातात. कान डोक्याच्या मानाने मोठे व टोकदार असतात. बिबट्याच्या पिलाच्या सर्वांगावर काळ्या ठिपक्यांची दाटी असते, कान आखूड व वाटोळे असतात, पंजे शरीराच्या मानाने जाड आणि शेपटी लांब असते. तिसरा एक प्राणीही ध्यानात ठेवावा. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान मार्जार जातींपैकी एक असून पूर्ण वाढलेल्या वाघाटीचे वजनही फार तर दीड किलोग्रॅमच्या आसपास असते. तिच्या पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी व कपाळावर उभ्या गडद रेषा असतात. महाराष्ट्राच्या काही भागांत उसाच्या व इतर शेतांतही तिची पिले सापडलेली आहेत.

ही लक्षणे दुरूनच पाहावीत. ओळख पटो वा न पटो, नियम एकच आहे: पिलांना हात लावू नये. मादी भक्ष्यासाठी गेलेली असते; पिले टाकून दिलेली नसतात. माणसांची गर्दी असेपर्यंत ती परत येत नाही आणि तेवढ्यावरून “आई सोडून गेली” असा समज होतो. पिले गावात आणली, गायीचे दूध पाजले, मुलांनी हाताळली, म्हणजे ती बहुधा वाचत नाहीत. ह्याउलट, पिले सापडलेल्या जागीच संध्याकाळी ठेवून माणसे दूर झाली असता आई रात्री येऊन त्यांना तोंडात धरून घेऊन जाते, असे महाराष्ट्रात वनविभागाने केलेल्या प्रयत्नांत अनेकदा दिसून आले आहे. म्हणून शेताच्या तेवढ्या कोपऱ्याचे काम एक-दोन दिवस थांबवावे, कुत्री बांधून ठेवावीत आणि वनरक्षकास अथवा वनविभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे. पिले बिबट्याची असल्याची शंका आली तर सर्वांनी तत्काळ तेथून दूर व्हावे. कारण मादी जवळपास असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ह्या प्राण्यांना पकडणे, मारणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे, हेही गावात समजावून सांगावे.

शेतकऱ्याचा हिशेब

रानमांजर कोंबड्या नेते, ही तक्रार खोटी नाही. शिक्षकाने ती नाकारू नये. नाकारल्यास पुढील सांगणे कोणी ऐकणार नाही. मात्र हिशेबाची दुसरी बाजूही मांडावी. राजस्थानातील सरिस्का येथे रानमांजराच्या आहाराचा अभ्यास झाला व तो २००४ साली प्रसिद्ध झाला. लहान उंदरांचा वाटा त्यात मोठा आढळला. एक रानमांजर दिवसाला ३ ते ५ उंदीर खाते असा अंदाज त्यात मांडला आहे. वर्षाचे दिवस ३६५ धरले तर ३ च्या हिशेबाने १,०९५ आणि ५ च्या हिशेबाने १,८२५ उंदीर होतात. सरिस्का व गिरड ह्यांचे रान वेगळे असल्यामुळे आकडे तंतोतंत तेच राहतील असे नाही. परंतु उंदीर हेच त्याचे प्रमुख खाद्य, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. गहू-हरभऱ्याच्या शेतात उंदीर किती धान्य बिळात ओढून नेतात, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

कोंबड्यांचे रक्षण करण्याचा उपाय साधा आहे. खुराडे सूर्यास्तापूर्वी बंद करावे, त्याची जाळी बारीक व तळ पक्का असावा. विषारी आमिष खाऊन मेलेले उंदीर शेतात पडू देऊ नयेत. ते खाऊन मांजर, घुबड अशा उंदीरखाऊ प्राण्यांनाही बाधा होण्याचा संभव असतो. पेरणीपूर्वी धुरे पेटविण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. रानमांजराची पिले हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जन्मतात आणि धुऱ्याचे गवत हेच त्यांचे घर असते. धुरा पेटविण्याआधी काठीने गवत हलवून पाहावे. शक्य तेथे न पेटविता गवत कापून काढावे. कठडा नसलेल्या विहिरीत रात्री वन्य प्राणी पडतात. कठडा बांधला तर गुरे व मुले ह्यांचेही रक्षण होते.

पाठाची आखणी

वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमचा विचार पुढे आला. परिसरातील जिवंत कामाशी शिक्षण जोडावे, हा त्याचा गाभा. रानमांजराचा पाठ त्या परंपरेला साजेसा घेता येईल. तिसरी ते पाचवीच्या वर्गांसाठी पुढील क्रम सोयीचा आहे.

प्रथम घरच्या मांजराचे निरीक्षण करवावे. कान, शेपटी, मिशा, पंजा ह्यांची चित्रे मुलांनी काढावीत आणि त्याखाली स्वतः पाहिलेले तेवढेच लिहावे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर चार रकाने आखावेत: घरचे मांजर, रानमांजर, स्याहगोश, लिंक्स. डाव्या बाजूस कानांवरील केस, गालांची झालर, शेपटी, अंगावरील खुणा व प्रदेश ही लक्षणे लिहून तक्ता मुलांकडून भरून घ्यावा. कानांवरील केसांच्या ओळीत तिघांपुढे ‘आहेत’ असे येते. पण शेपटीच्या व झालरीच्या ओळीत लिंक्स एकटा उरतो. रानमांजर लिंक्स का नव्हे, ह्याचे उत्तर मुलांना स्वतःच्या तक्त्यात सापडते. शिक्षकाला ते सांगावे लागत नाही.

तिसऱ्या दिवशी ठशांचा पाठ घ्यावा. शाळेच्या आवारात किंवा लगतच्या पांदणीवर चाळलेली बारीक माती पातळ पसरावी आणि दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर सर्वांनी मिळून पाहावी. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात. मांजराच्या ठशात बहुधा दिसत नाहीत, कारण चालताना मांजर नखे आत ओढून घेते. रानमांजराचा ठसा सुमारे ५ ते ६ सेंटीमीटर असतो. मुलांनी तो पट्टीने मोजून वहीत काढावा. मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा ठसा आढळला तर पाठ तेथेच थांबवून वनरक्षकास कळवावे. बिळाजवळ, गवतात किंवा झुडुपात मुलांना पाठवू नये.

गणिताच्या तासाला उंदरांचा हिशेब द्यावा आणि भूगोलाच्या तासाला लिंक्सच्या चार जातींचे प्रदेश जगाच्या नकाशात रंगवून घ्यावेत. लडाखवर खूण करताना भारतातील लिंक्स कोठे आहे आणि वर्धा कोठे, हे अंतर मुलांच्या डोळ्यांसमोर आपोआप उभे राहील.

अशा पाठाचे फळ परीक्षेत दिसेल तेवढे दिसो. खरे फळ शिवारात दिसावयाचे असते. गव्हाच्या कापणीत पुन्हा केव्हा तरी पिले सापडतील आणि बिबट्याची आवई उठेल. त्या वेळी गर्दीतील एखादे पोर पुढे येऊन म्हणेल, “कान टोकदार आहेत, अंगावर नुसते पट्टे आहेत, ही रानमांजराची आहेत. यांना येथेच राहू द्या.” मोठी माणसे थबकतील, विळे बाजूला ठेवून दूर होतील, आणि रात्री आई येऊन आपली पिले घेऊन जाईल. टेकडीवरचा दगड आणि नारळ ह्यांतील भेद ज्याला समजला, त्याला हे अवघड वाटू नये.